मारझोडीला कंटाळून भाड्याचं घर सोडताना

भाडेकरारावर सही कोणाची आहे, ते आधी पाहा. एकट्या नवऱ्याची असेल तर मालकाच्या नोटिशीचा विचार न करता निघा. दोघांची असेल तर मात्र नुसतं निघून गेल्यानं भाड्याची जबाबदारी सुटत नाही. बेळगाव भागात करार कन्नडमध्ये असला तर नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर सोडता न येण्याची अट) आहे का, डिपॉझिट कोणाला परत, एवढी कलमं जाणकाराकडून वाचून घ्या. सगळ्या पानांचे फोटो विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

मालकाला लेखी कळवा, पण स्वतः सुरक्षित जागी पोचल्यावरच. हा क्रम चुकवू नका. स्पीड पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो. जुना पत्ता लिहिलात तर पोचपावती थेट नवऱ्याच्या हातात पडते, नवा लिहिलात तर ठिकाण उघड होतं. म्हणून वकिलाचा पत्ता द्या. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरवरच्या रीडिंगचा फोटो निघतानाच काढून ठेवा.

छळ होतोय म्हणून करार आपोआप संपतो, अशी तरतूद आपल्याकडे नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी नवऱ्याला घराबाहेर काढू शकतात किंवा तुमच्या दुसऱ्या घराचं भाडं त्याला भरायला लावू शकतात. तात्पुरत्या राहता त्या गावच्या कोर्टातही हा अर्ज चालतो. माहेर गडहिंग्लजला असेल तर तिथे करा, आदेश बेळगावातही लागू होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. सल्ल्यासाठी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, जिवावर बेतलं तर ११२ ला.