गलाईवाल्यांच्या मुलांनी सैन्यभरतीची तयारी कोठून सुरू करावी

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी पट्ट्यातील अनेक घरांत सोन्या-चांदीच्या गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय असल्यामुळे मुले तमिळनाडूत किंवा केरळात वाढतात आणि अग्निवीर व्हायचे ठरले की गावी परततात. अशा मुलाने धावण्याच्या सरावाआधी कागद तपासावेत.

पहिली अडचण नावाची असते. तमिळनाडूतील शाळांत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची पद्धत असल्याने दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘एस. विकास’ आणि आधारवर ‘विकास संभाजी जाधव’ असे एकाच मुलाचे दोन अवतार तयार होतात. भरतीचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचा असतो. म्हणून आधारच त्याबरहुकूम करून घ्यावे. परराज्यातील मंडळाकडून प्रमाणपत्र बदलून आणणे हा फार लांबचा रस्ता आहे.

दुसरी अडचण अधिवासाची, आणि ती अधिक अवघड आहे. सांगली व साताऱ्याचे उमेदवार कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. मात्र त्यासाठी तहसीलदारांचे अधिवास प्रमाणपत्र लागते आणि त्याकरिता साधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, जो मदुराईत वाढलेल्या मुलाकडे सहसा नसतो. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आधी विट्याच्या (खानापूर तालुक्यासाठी) किंवा आटपाडीच्या तहसील कार्यालयात विचारावे. दाखला मिळण्यासारखा नसेल, तर जेथील वास्तव्य सिद्ध होते त्या राज्यातूनच अर्ज करावा. एजंटाकडून दाखला ‘करून’ घेऊ नये, कारण तो खोटा ठरला तर भरती झाल्यावरही नोकरी जाते.

चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतील लागतो. तो देणारे सरपंच मुलाला चेहऱ्याने ओळखत नसतात, तेव्हा आजोबांना बरोबर न्यावे.

लेखी परीक्षा मैदानी चाचणीच्या आधी होते. 2025 पासून ती मराठी, तमिळ, मल्याळम यांसह 13 भाषांत देता येते; ज्या भाषेत शाळा झाली तीच निवडावी, मराठीचा हट्ट येथे कामाचा नाही.

मैदानी चाचणीत जनरल ड्यूटी (सर्वसाधारण सैनिक) पदासाठी 1.6 किलोमीटर धाव साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास 60 गुण, आणि बीमवर 10 पुलअप्स काढल्यास 40 गुण मिळतात. नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडणे आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणे यांना गुण नसले तरी ते पार करावेच लागतात. महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी उंची 168 सेंटीमीटर असावी लागते, तर छाती 77 सेंटीमीटर भरून फुगवल्यावर किमान 5 सेंटीमीटर वाढावी लागते.

वैद्यकीय तपासणीत कानातला मळ, चिकटणारे गुडघे, सपाट तळवे आणि रंगांधळेपणा पाहिला जातो. यांपैकी मळ तेवढा आठवडाभर आधी डॉक्टरांकडून काढून घेता येतो. तपासणीत अपात्र ठरवले, तर सैनिकी रुग्णालयात फेरतपासणीची संधी असते. त्यासाठी मिळालेली चिठ्ठी आणि तीवरील मुदत जपावी.