शिशाचं नाव लॅटिनच्या लेकींकडे कसं शोधावं

सुरुवात रसायनशास्त्राच्या तक्त्यापासून करा. शिशाची खूण 'पीबी' आहे, कारण लॅटिनमध्ये शिसं म्हणजे 'प्लुम्बुम'. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत, म्हणून नळाचं काम करणारा तो प्लंबर. (इंग्रज त्यातला 'ब' गिळून 'प्लमर' म्हणतात. आपण मात्र तो खणखणीत उच्चारतो.)

आता कागदावर रकाने आखा आणि लेकींचे, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांचे, शब्द ओळीने लिहा: इटालियन प्योम्बो, फ्रेंच प्लों, रोमानियन प्लुम्ब, कॅटलान प्लोम, स्पॅनिश प्लोमो, पोर्तुगीज शुंबू. पहिले पाच बहिणी-बहिणी दिसतात. शुंबू परका वाटतो, पण त्याला लगेच खोडू नका. 'प्ल'ने सुरू होणारा आणखी एक लॅटिन शब्द घ्या, पावसाचा: प्लुविया. फ्रेंचमध्ये प्लुई, इटालियनमध्ये प्योज्जा, पोर्तुगीजमध्ये शुवा. म्हणजे लॅटिन 'प्ल'चा पोर्तुगीजमध्ये 'श' होतो, शुंबू घरचाच!

'क्ल'चंही तेच. लॅटिन क्लाविस म्हणजे किल्ली. तिची पोर्तुगीजमध्ये झाली 'शाव'. या 'श'चा जुना उच्चार 'च' होता. पोर्तुगिजांकडून आपण घेतलेली चावी ती हीच, आणि तिच्यात तो जुना 'च' अजून आहे.

खरी गंमत स्पॅनिशची. पावसाला तिथे 'युविया' म्हणतात, किल्लीला 'यावे'. त्या हिशेबाने शिसं 'योमो' व्हायला हवं होतं, पण आहे प्लोमो. शब्दाची सुरुवात नियम मोडते. मध्यभाग मात्र पाळतो, कारण स्पॅनिशमध्ये 'म्ब'मधला 'ब' गळतो: कंबरेचा लॅटिन 'लुम्बुस' तिथे 'लोमो' झाला. म्हणून शब्द अख्खा न तपासता सुरुवात, मध्य, शेवट असे तुकडे करून तपासा. एका तुकड्याने दगा दिला म्हणून नातं तुटत नाही.

अर्थ शेवटी पाहा, पण पाहाच. रोमन लोक शिशाला 'काळं प्लुम्बुम' म्हणत आणि कथिलाला 'पांढरं प्लुम्बुम'. जुन्या मजकुरात नुसतं 'प्लुम्बुम' दिसलं, तर सोबतचा रंग शोधल्याशिवाय रकान्यात 'शिसं' लिहू नका.