जमिनीखालची सांडपाण्याची लाइन आणि शोषखड्डा कॅमेऱ्याने कसा तपासावा

लाइन तुंबली की रॉड मारायचा, पाणी उतरलं की विसरायचं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच वास, तेच चेंबर. हे तीनदा झालं असेल तर चौथ्यांदा रॉड हातात घेण्याआधी पाइपच्या आत बघून घ्या. कॅमेरा लाइन साफ करत नाही, दुरुस्तही करत नाही. खणायचं की नाही आणि खणायचं तर नेमकं कुठे, एवढं मात्र तो सांगतो. तेही पडद्यावर काय बघायचं हे ठाऊक असेल तरच. बहुतेकजण पाइपची भिंत बघत बसतात. माझ्या मते आधी पाणी बघावं. ते कुठे वाहतं, कुठे थांबतं आणि कुठे नाहीसं होतं, यातच निम्मं निदान होतं.

कोणता कॅमेरा

मोबाइलला जोडायचे पाच-सहा मिलिमीटर जाडीचे बारीक कॅमेरे बेसिनखालच्या पाइपपुरते ठीक. त्यांची वायर मऊ असते, एका वळणापुढे ती ढकललीच जात नाही. घराच्या मुख्य लाइनला, म्हणजे साधारण १०० किंवा १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपला, फायबरग्लासच्या ताठ केबलवरचा कॅमेरा लागतो. त्याचं डोकं २५ ते ३५ मिलिमीटरचं असतं, भोवती एलईडी दिव्यांची कडी असते आणि केबल २० ते ६० मीटर असते. हा भाड्याने घ्या किंवा तो चालवणाऱ्याला बोलवा, पण तीन गोष्टी आधी विचारा. किती मीटर आत गेलो ते पडद्यावर दिसतं का? सगळं रेकॉर्ड होतं का? आणि डोक्यात ट्रान्समीटर आहे का, म्हणजे कॅमेरा कुठे आहे ते जमिनीवरून शोधता येईल? यातलं पहिलं आणि तिसरं नसेल तर तुम्हाला बिघाड दिसेल, पण त्याचा पत्ता लागणार नाही.

चित्र आपोआप सरळ ठेवणारं डोकं असेल तर उत्तम. नसेल तर केबल पिळली की चित्रही फिरतं आणि वरखाली कळेनासं होतं. अशा वेळी पाण्याची धार शोधा. ती जिथे, तिथे पाइपचा तळ.

आत सोडण्याआधी

घराभोवती फिरून चेंबर मोजा आणि कागदावर रेषा काढा. कुठली लाइन कुठे जाते हे घरातल्यांना पक्कं ठाऊक असतं आणि बऱ्याचदा ते चुकीचं असतं. म्हणून प्रत्येक संडास, नहाणी आणि स्वयंपाकघरातून वेगवेगळं रंगीत पाणी सोडा आणि ते कुठल्या चेंबरमध्ये येतं ते बघा. पावसाच्या पाण्याची लाइन याच लाइनला जोडलेली सापडली तर निम्मं कोडं तिथेच सुटलं.

चेंबरचं झाकण उघडताना घाई नको. आतला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण दहा लाख भागांत साधारण १०० भाग इतकं त्याचं प्रमाण झालं की नाकच बधिर होतं. त्यामुळे ‘वास गेला’ याचा अर्थ धोका गेला असा घेऊ नका. झाकण काढून बाजूला व्हा, थोडा वेळ हवा खेळू द्या, आत वाकू नका, जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका. मिथेनही असतोच. काम दोघांनी करायचं, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवायचं, हातात जाड रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. त्याच मोज्यांनी मोबाइल उचलायचा नाही. हे सांगायची गरज वाटत नाही, पण हमखास होणारी चूक हीच.

लाइन आधी धुवायची की आधी बघायची?

लाइन पूर्ण भरलेली असेल तर बघण्यासारखं काहीच नसतं. कॅमेरा गढूळ पाण्यात बुडतो आणि पडदा चहाच्या रंगाचा होतो. तेव्हा चोकअप आधी काढावाच लागतो. पण पाणी थोडंफार उतरत असेल तर माझा आग्रह दोन फेऱ्यांचा असतो. पहिली फेरी आहे तशा लाइनीत. चरबीचा थर, मुळांचा पुंजका, अडकलेला कपडा हे सगळं लाइन धुणाऱ्या पाण्याच्या जेटच्या दाबाने निघून जातं आणि लाइन का तुंबत होती याचा पुरावाही सोबत जातो. दुसरी फेरी धुतल्यानंतर, कारण तडे आणि सरकलेले सांधे चरबीखाली दिसत नाहीत.

कॅमेरा आत सोडताना

सुरुवात चेंबरमधून किंवा साफसफाईसाठी ठेवलेल्या तोंडातून करा, आणि पाण्याच्या दिशेने जा. कमोडमधून कॅमेरा घालायचा मोह टाळा. ट्रॅपच्या वळणात डोकं अडकतं आणि कमोडवर ओरखडे उठतात. दुसरा मार्गच नसेल तर भांडं काढून घ्या.

डोकं पाइपच्या तोंडाशी ठेवून मोजणी शून्यावर आणा. कुठल्या चेंबरपासून शून्य धरलं ते कागदावर लिहा. ही नोंद पुढे फार कामाला येते. डोक्याला प्लॅस्टिकचा मार्गदर्शक बसवा, म्हणजे भिंग तळातल्या चिखलात न घासता पाइपच्या मधोमध राहील. मग एखाद्या नळातून बारीक धार सोडा. केबल सरकायला मदत होते आणि ज्याचं वाचन करायचं ते पाणीही मिळतं. वीतभर-वीतभर ढकला. मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेग नको, प्रत्येक सांध्यावर क्षणभर थांबा. वळणावर अडलं तर मागे घ्या, केबल किंचित पिळा, पुन्हा पाठवा. जोर लावला की केबल आतल्या आत वेटोळं घालते, आणि मग कॅमेरा काढण्यासाठीच खणायची पाळी येते.

नोंदी बोलून करा, रेकॉर्डिंगमध्ये आवाज राहतो. “पहिल्या चेंबरपासून ६.४ मीटर, सातच्या जागी मूळ.” सातच्या जागी म्हणजे पाइपचं तोंड घड्याळाची तबकडी समजायचं: बारा माथ्याला, सहा तळाला. एकदा सवय झाली की ‘डावीकडे जरा खाली’ असलं गोंधळाचं बोलणं सुटतं.

जाताना केबल धक्क्याने पुढे सरकते, चित्र हलतं. बारकाईने बघायचं ते मागे ओढताना, सावकाश.

पाणी वाचा

चांगल्या लाइनीत बारीक धार तळातून सरळ पुढे पळत असते. १०० मिलिमीटरच्या पाइपला साधारण ४० ते ६० मीटरला एक मीटर एवढा ढाळ असला की पाणीही पळतं आणि घाणही मागे राहत नाही. त्यात बदल दिसला की थांबायचं.

पाणी हळूहळू चढलं, भिंग बुडालं, आणि पुढे हळूहळू उतरलं तर पाइप मध्ये बसला आहे. त्याला पोट आलं आहे. पाणी कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते दोन्ही आकडे लिहा, आणि पाण्याने पाइपचा किती भाग व्यापला तेही. पाणी बराच वेळ साचलेलं राहून एका जागी एकदम कोरडं झालं, तर तिथे काहीतरी आडवं आहे: वर आलेली सांध्याची कड, लोंबणारी रबरी रिंग, मुळं. दोन्हींत पाणी साचलेलंच दिसतं, पण पहिल्याला खणावं लागेल आणि दुसरं कदाचित वरूनच निघेल.

हा फरक मी फजिती होऊन शिकलो. नवव्या मीटरला अर्धा पाइप पाणी दिसलं तेव्हा लाइन बसली असं मी ठामपणे सांगून टाकलं होतं, कुदळसुद्धा बाहेर आली होती. पुढे चार मीटरवर सांध्याला अडकलेलं एक फडकं निघालं. ते काढल्यावर नवव्या मीटरला तळात नुसती धार. तेव्हापासून अडथळा काढून पुन्हा पाणी सोडून बघितल्याशिवाय ‘पाइप बसला’ हे शब्द तोंडातून काढत नाही.

पाणी कॅमेऱ्याच्या दिशेने परत येत असेल तर ढाळ उलटा. धार मध्येच बारीक होत नाहीशी झाली तर पाइप फुटला आहे, पाणी मातीत जातंय. याची खात्री सोपी आहे: वरून दोन बादल्या ओता आणि खालच्या चेंबरला किती पोचतं बघा. याउलट घरात कुणी पाणी वापरत नसताना स्वच्छ पाणी वाहताना दिसलं तर आधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. धार थांबली तर कुठलातरी फ्लश गळतोय. थांबली नाही तर जमिनीतलं पाणी सांध्यांतून आत येतंय.

आणि मग भिंत

पाइप कशाचा आहे यावर काय शोधायचं ते ठरतं. चिनी मातीच्या जुन्या पाइपचे तुकडे आखूड, म्हणून सांधे पुष्कळ. मुळं तिथूनच शिरतात. आधी केसांसारखे बारीक तंतू दिसतात, कधीकधी पूर्ण गोल झालर. बीडाच्या पाइपात गंजाचे फोड येऊन तोंड अरुंद होतं आणि तळ खाऊन चर पडते. पीव्हीसीला मुळांचा त्रास कमी, पण भराव नीट नसेल तर तो बसतो किंवा दबून अंडाकृती होतो. सिमेंटच्या पाइपचा माथा बघायला विसरू नका. पाण्यातून सुटलेला हायड्रोजन सल्फाइड माथ्यावरच्या ओलाव्यात जातो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट वरून झिजत जातं.

लांबीच्या दिशेने बारा, तीन, सहा आणि नऊ अशा चारही जागी तडे असतील तर वरून भार पडून पाइप चेपतो आहे. एका सांध्याजवळ गोल फिरलेला तडा बहुधा खालची माती सरकल्याचा. एक सावधगिरी: या कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, जवळची गोष्ट राक्षसी दिसते. सांध्यातली पाच मिलिमीटरची पायरी पडद्यावर कड्यासारखी भासते. पाइपच्या व्यासाशी तुलना करूनच मोजा, आणि दाखवणारा घाबरवत असेल तर जास्तच शांतपणे.

जमिनीवर खूण

बिघाडापाशी कॅमेरा थांबवून जमिनीवर लोकेटर, म्हणजे ट्रान्समीटरची खूण पकडणारं यंत्र, फिरवा. ट्रान्समीटर बहुधा ५१२ हर्ट्झचा असतो. इतकी कमी वारंवारिता बीडाच्या पाइपातूनही बाहेर येते. मुख्य खूण सगळ्यात जोरदार असते, पण तिच्या पुढे-मागे दोन खोट्या खुणाही मिळतात. तिन्ही सापडेपर्यंत थांबा आणि मधली धरा. खोलीचा आकडा पडताळायचा तर लोकेटर ३० सेंटिमीटर वर उचला. आकडाही तेवढाच वाढायला हवा. मग रंगाने फुली मारा, भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासून अंतर मोजून लिहा. केबलवरच्या मीटरांवरून जमिनीवर टेप टाकू नका, वाटेतली वळणं फसवतात.

टाकी आणि शोषखड्डा

सेप्टिक टाकी पाणी धरून ठेवते, शोषखड्डा ते मातीत सोडतो. म्हणून दोघांत पाण्याची पातळी वेगळं सांगते. आत उतरायचं नाही, डोकावायचंही नाही. कॅमेऱ्याचं डोकं लांब काठीला बांधून सोडा. त्याचे दिवे मोठ्या अंधारात पुरत नाहीत, तेव्हा बॅटरीचा जलरोधक दिवा दोरीने सोडा. वायरचा बल्ब अजिबात नको. झाकणाचा जुना स्लॅब खालून आम्लाने खाल्लेला असू शकतो, त्यावर उभे राहू नका. कॅमेरा वळवून स्लॅबचा खालचा भाग बघा, लोखंडी सळ्या उघड्या पडल्या असतील तर बाकीची तपासणी थांबवा.

वापरातल्या टाकीची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी असते. त्याहून वर असेल तर पुढचा खड्डा पाणी घेत नाही. खाली असेल आणि टाकी नुकतीच उपसलेली नसेल तर ती गळते आहे. उपसा चालू असताना कॅमेरा बाहेर जाणाऱ्या पाइपवर ठेवा. तिथून पाणी उलटं आत आलं तर खड्डा भरलेला आहे, टाकी कितीही वेळा उपसली तरी फरक पडणार नाही. शोषखड्ड्यात भिंतीवरच्या काळ्या रेषा बघा. सगळ्यात वरची रेषा येणाऱ्या पाइपच्या वर असेल तर पाणी कधीतरी घराकडे फिरलं आहे. विटा आत झुकल्यात का, फटींतून मुळं आलीत का, तेही बघा. जमीन पाण्याने फुगलेली असताना खड्डा पूर्ण रिकामा करू नका. बाहेरच्या दाबाने भिंत आत येते, आणि प्लॅस्टिकची टाकी असेल तर ती चक्क वर उचलली जाते.

काम झाल्यावर

केबल मागे ओढताना दुसऱ्याने जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्याने ती पुसत जायचं. गुंडाळल्यावर पुसू म्हटलं की राहतंच. भिंग मऊ कापडाने, मोजे सगळ्यांत शेवटी काढायचे. कुणाकडून तपासणी करून घेतली असेल तर निवडक फोटोंवर समाधान मानू नका. मीटरचा आकडा दिसणारं संपूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग मागा आणि ते दुसऱ्या जाणकाराला दाखवा. खणल्यावर नवा तुकडा बसवून झाला की माती लोटण्याआधी त्याच चेंबरमधून, त्याच शून्यापासून कॅमेरा पुन्हा सोडा, वरून बादलीभर पाणी ओता, आणि ६.४ मीटरवर थांबून ते कसं जातं ते बघा.