मेणाचा दात धातूत उतरवताना

'ब्रिज बसत नाही,' असा डॉक्टरांचा फोन आला की बहुतेक जण धातूला दोष देतात. २१ वर्षं दातांच्या लॅबमध्ये बसतोय. ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताची जागा भरणारे जोडलेले कृत्रिम दात, आधी मेणात घडवून मग धातूत ओततो. मला चूक बहुधा मेणातच सापडली आहे.

डायला (पेशंटच्या घासलेल्या दाताच्या प्रतिकृतीला) स्पेसर, म्हणजे सिमेंटसाठी जागा ठेवणारा थर, लावताना मार्जिनपासून (घासलेल्या भागाच्या कडेपासून) १ मिलिमीटर जागा कोरी ठेवा. मेण थराथराने चढवा. शेवटी मार्जिनजवळचं मेण गरम हत्याराने पुन्हा वितळवून भिंगाखाली तासा. केसाएवढी फट दिसली तरी परत भरा. पेशंटच्या तोंडात त्याच फटीत घाण साचते आणि आतला दात किडतो.

स्प्रू, म्हणजे धातू आत जाण्यासाठी वाट करणारी काडी, जाड भागाला तिरका जोडा, सांधा गुळगुळीत करा. तीन दातांच्या ब्रिजमध्ये मधला पॉन्टिक (पडलेल्या दाताच्या जागचा दात) भरीव असतो, त्यालाही स्वतंत्र स्प्रू द्या. नाहीतर धातू निवताना आत पोकळी राहते.

मेण डायवरून सोडवलं की लगेच इन्व्हेस्ट करा, म्हणजे साच्याच्या मसाल्यात गाडा. एका मे महिन्यात मी सोडवलेला ब्रिज रात्रभर टेबलावर राहिला. सकाळी एक टोक डायवरून उचललेलं. सगळं काम पहिल्यापासून केलं.

निकेल-क्रोम मिश्रधातूसाठी फॉस्फेटचं इन्व्हेस्टमेंट (साच्याचा मसाला) घ्या, पावडर-लिक्विडचं प्रमाण पाकिटावरचंच. मेण जाळायला भट्टी सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत, हळूहळू चढवत. धातू ओतल्यावर रिंग (साच्याचं नळकांडं) पाण्यात बुडवू नका, आपोआप निवू द्या. घासताना मास्क आणि सक्शन हवंच. निकेलची धूळ फुप्फुसात जाते. मग ब्रिजच्या आतल्या बाजूचा धातूचा एकेक बारीक गोळा भिंगाखाली शोधून काढा आणि त्यानंतरच डायवर बसवून पाहा.