आपटलेला ऑनलाइन गेम पुन्हा उभा करताना

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आपटला की पहिली सूचना बहुधा हीच येते: नवीन रेड (अनेकांनी मिळून लढायची मोठी लढाई) टाका, नवीन क्लास (पात्राचा प्रकार) टाका, लोक येतील परत. लोक येतातही. आठवडाभर हिंडतात आणि पहिल्यांदा ज्या कारणानं गेले त्याच कारणानं पुन्हा जातात. दुसऱ्यांदा गेलेला सहसा तिसऱ्यांदा फिरकत नाही. म्हणून आधी गळती थांबवायची, मग राहण्याची कारणं वाढवायची, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी.

या कामाचा सगळ्यात मोठा धडा म्हणजे फायनल फँटसी १४. हा गेम ३० सप्टेंबर २०१० ला आला आणि लगेच तोंडावर पडला. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली, मासिक शुल्क थांबवलं गेलं, ११ नोव्हेंबर २०१२ ला जुने सर्व्हर बंद झाले आणि २७ ऑगस्ट २०१३ ला तोच गेम नव्या रूपात उभा राहिला. छोट्या टीमला एवढा खर्च झेपणार नाही, पण त्यांच्या कामाचा क्रम मात्र उचलता येतो.

आधी लॉग वाचा

मतं गोळा करण्याआधी लॉगमधून (सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदींतून) तीन गोष्टी काढा. नवीन खातं उघडलेल्यांपैकी दुसऱ्या, आठव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण परत आले. कायमचे गेलेले शेवटच्या वेळी कुठल्या लेव्हलला आणि नकाशावर कुठे होते. आणि जाण्याआधीच्या शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी काय केलं. ही तिसरी गोष्ट बहुतेक टीम काढतच नाहीत, आणि खरं दुखणं तिथेच सापडतं: भरलेली पिशवी, रांगेत वाट पाहणं, किंवा एकाच बॉसकडून सलग चार वेळा मरण.

पहिल्या तासातच लोक जात असतील तर दोष लॅग (सर्व्हरकडून होणारा उशीर), क्रॅश किंवा मेन्यूचा. एखाद्या ठरावीक लेव्हलला खड्डा दिसत असेल, समजा १८ ते २२, तर तिथे क्वेस्ट (गेमनं दिलेल्या कामगिऱ्या) संपलेत आणि नुसतं राक्षस मारत बसावं लागतंय. शेवटच्या लेव्हलला पोचून लोक जात असतील तर पुढे करायला काही नाही, किंवा बाजार बिघडलाय.

मग टीमबाहेरचे दहा जण बोलवा. साधा लॅपटॉप, घरचं इंटरनेट, कोरं खातं. त्यांच्या मागे बसा आणि तोंड बंद ठेवा. "तिथे क्लिक कर" असं एकदा जरी म्हणालात, तरी त्या माणसाकडून कळायचं ते राहून गेलं.

फायनल फँटसी १४ च्या पहिल्या आवृत्तीत काय काय बिघडलं होतं ते बघण्यासारखं आहे. खेळाडूनं विकायला ठेवलेली वस्तू त्याच्या गेममधल्या नोकराकडे (गेमच चालवतो त्या पात्राकडे) असायची आणि हे नोकर एका दालनात रांगेनं उभे. एखादं हत्यार हवं असेल तर एकेका नोकरापाशी जायचं, त्याची पिशवी उघडायची, बंद करायची, पुढच्याकडे वळायचं. सुरुवातीला शोधण्याची सोयच नव्हती. मेन्यूतल्या साध्या कामांसाठीही सर्व्हरच्या उत्तराची वाट बघावी लागे. एका क्लासवर ठरावीक तास खेळलं की एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कमी होत जायचा, म्हणजे जास्त खेळणाऱ्यालाच शिक्षा. आणि ती प्रसिद्ध कुंडी! फुलझाडाच्या एका कुंडीला खेळाडूच्या पात्राइतकेच, सुमारे एक हजार पॉलिगॉन (ज्यांनी त्रिमितीय चित्र बनतं ते तुकडे) होते. पुढे योशिदांनी हे जाहीर भाषणात सांगितलं. पडद्यावर वीसेक माणसं जमली की गेम का गुदमरायचा ते या कुंडीवरून कळतं. तुमच्या गेममध्येही अशी एखादी कुंडी असेलच. प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावून गर्दीच्या चौकात पाच मिनिटं उभे राहा, सापडेल.

डागडुजी की नवं बांधकाम

इथे भावनेला जागा नाही. नेटवर्कचा पाया आणि डेटाबेस बरा असेल, बिघाड फक्त क्वेस्ट, बाजार आणि मेन्यूत असेल, तर डागडुजी करा. प्रत्येक लहान बदलाला तीन ठिकाणी कोड मोडत असेल, तर नवं बांधा. फायनल फँटसीच्या टीमनं दोन्ही एकदम केलं: एक गट जुन्या गेमला पॅच (सुधारणांचे हप्ते) देत राहिला, दुसऱ्यानं शेजारी नवं इंजिन आणि नवे नकाशे उभे केले. दहा जणांची टीम असेल तर तीन जुन्यावर, सात नव्यावर असं वाटून घ्या, पण जुन्याचं काम पूर्ण थांबवू नका. सहा महिने पॅच आला नाही की उरलेल्यांना वाटतं दुकान बंद झालं.

निर्णय एकाच माणसाच्या हाती द्या आणि खेळाडूंना त्याचं नाव आणि चेहरा माहीत असू द्या. दर दोन आठवड्यांनी त्यानं लिहायचं: काय झालं, काय राहिलं, काय होणारच नाही. यातलं "होणारच नाही" सगळ्यात मोलाचं. वर्षभर टोलवलेल्या मागणीपेक्षा पहिल्याच दिवशी दिलेला नकार लोक सहज पचवतात. तारीख मात्र ऐंशी टक्के काम हातात असल्याशिवाय देऊ नका.

गेम मोडकळीला आलेला असताना पैसे घेणं थांबवा. आणि पुन्हा घ्यायला लागाल तेव्हा त्या वाईट काळात पैसे देणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवा. फायनल फँटसीत तीन महिन्यांचं शुल्क भरलेल्यांना पुढे कायमची सवलत मिळाली आणि श्रेयनामावलीत नाव. नाव छापायला खर्च काय येतो?

जुना गेम बंद करायचा असेल तर बंद होणं हा कथेचाच भाग करा. फायनल फँटसीत आकाशातला लाल चंद्र पॅचगणिक मोठा होत गेला आणि शेवटच्या दिवसांत शहरांवर राक्षस चालून आले. नुसती "सेवा समाप्त" अशी पाटी लावली असती तर त्या रात्री कोण थांबलं असतं?

उलट उदाहरण स्टार वॉर्स गॅलक्सीजचं. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथले पात्रांचे तीसहून अधिक व्यवसाय एका फटक्यात ९ वर आणले, लढाईची पद्धतच बदलली. ज्यांनी महिनोन्‌महिने खपून एखादी कला कमावली होती, त्यांची कला एका सकाळी नाहीशी झाली. गेम डिसेंबर २०११ पर्यंत चालला, पण गेलेले जुने लोक मोठ्या संख्येनं परतले नाहीत. नवीन लोकांसाठी सोपं करताना जुन्यांनी कमावलेलं हिसकावू नका. पद्धत बदलायचीच असेल तर जुन्या कमाईचा मोबदला आधी जाहीर करा, निदान चार आठवडे.

बाजार

बुडालेल्या गेममध्ये सोनं, म्हणजे गेममधला पैसा, जवळजवळ नेहमीच फुगलेलं असतं. हिशेब सोपा आहे. समजा ५०० जण रोज खेळतात आणि प्रत्येकी सरासरी २०,००० गोल्ड मिळवतात. म्हणजे दिवसाला १ कोटी गोल्ड नव्यानं तयार होतं. दुरुस्ती, प्रवास, बाजाराचा कर यांत ६० लाख जिरत असेल तर रोज ४० लाख साठतं, महिन्याला १२ कोटी. नवीन खेळाडूला शंभर गोल्डची तलवार पाच हजाराला दिसते आणि तो गेम बंद करतो.

जिरवण्याचे मार्ग वाढवा, पण गरिबाला बसतील असे नकोत. दुरुस्तीचा दर वाढवला तर नवखाच भरडला जातो. बाजाराचा कर ५ टक्के, घरं, घोड्याचे रंग, मिरवायच्या वस्तू हे श्रीमंतांच्या खिशातून जातं. जमा आणि खर्च यांतला फरक दर आठवड्याला मोजा आणि जिरणारं गोल्ड तयार होणाऱ्याच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ठेवा. नेमकं शंभरच्या पुढे गेलात तर लोक साठवून बसतात आणि बाजार थंड पडतो.

साठलेल्या ढिगाचं काय? फायनल फँटसीत नव्या आवृत्तीत येताना जुन्या पात्रांची रक्कम दशांशावर आणली गेली आणि जुन्या लोकांचे सर्व्हर वेगळे ठेवले गेले, म्हणजे नवख्यांचा बाजार कोरा राहिला. वस्तूंची नक्कल करण्याचा बग असेल तर आधी देवाणघेवाण बंद, मग बग दुरुस्त, मग लॉगमधून नकली वस्तू काढणं. क्रम उलटा केलात तर दुरुस्ती चालू असतानाच माल दहा हातांत फिरलेला असतो.

माणसं कमी, नकाशा मोठा

रात्री नऊला १२० जण ऑनलाइन आहेत असं धरा. त्यातले ८० शेवटच्या लेव्हलला. उरलेले ४० जण १ ते ४९ लेव्हलवर विखुरलेले. विसाव्या लेव्हलच्या आसपासच्या डन्जनला (गटानं पार करायच्या गुहेला) एक टँक (मार झेलणारा), एक हीलर (जखमा भरणारा) आणि दोन मारणारे हवेत, आणि त्या पट्ट्यात त्या वेळी तिघंच आहेत. रांग कधीच भरणार नाही. जाहिरातीवर कितीही खर्च केलात तरी नवीन माणूस इथेच अडकणार.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लेव्हल खाली आणणं. ८० जुन्यांना रोज एकदा कुठल्याही जुन्या डन्जनमध्ये टाका, त्यांची ताकद तिथल्यापुरती कमी करा आणि बक्षीस मात्र त्यांना आज उपयोगी पडेल असं द्या. फायनल फँटसीची रुलेट (डन्जन गेमच निवडतो ती सोय) नेमकी हेच करते. टँक किंवा हीलर कमी असतील त्या वेळी त्या भूमिकेला जादा बक्षीस. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइननं ऑक्टोबर २०१६ मध्ये सगळं जगच खेळाडूच्या लेव्हलला जुळवून घेतलं, त्यामुळे वेगवेगळ्या लेव्हलचे मित्र एकत्र फिरू शकले. यापेक्षा मोठा बदल, पण छोट्या गेमला फार मोलाचा.

सर्व्हर एकत्र करायचे असतील तर आधी डेटाच्या प्रतीवर दोनदा रंगीत तालीम. नावांची टक्कर होणारच. ज्यानं शेवटचं लॉग-इन अलीकडे केलंय त्याचं नाव राहील, दुसऱ्याला नाव बदलायची सोय फुकट, असा नियम आधीच जाहीर करा. गिल्डलाही (खेळाडूंच्या कायमच्या गटांनाही) तोच नियम. घरांच्या जागा भिडल्या तर पूर्ण किंमत परत आणि सामान गोदामात सुरक्षित.

खेळणारे भारतातले असतील तर मुंबईतला सर्व्हर घ्या. पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरला पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातं. जमिनीवर लाल वर्तुळ दिसल्यावर खेळाडू बाजूला झालेला असतो, पण सर्व्हरला ते उशिरा कळतं आणि तो मरतो. त्याला वाटतं गेम खोटारडा आहे. त्याच्या दृष्टीनं तो आहेच.

पुन्हा उघडायचा दिवस

गर्दी होईल या भीतीपेक्षा गर्दी होणार नाही या भीतीनं टीम तयारी कमी करते. अपेक्षेच्या तिप्पट बनावट खात्यांनी लॉग-इनची चाचणी घ्या. नुसता खेळ नाही, लॉग-इन. एकाच मिनिटात सगळे दारात येतात तो ताण वेगळाच असतो. रांग लागली तर आपला क्रमांक दिसला पाहिजे, आणि इंटरनेट दोन मिनिटं गेलं तरी जागा गेली नाही पाहिजे. २०१३ मध्ये नव्या फायनल फँटसीला एवढी गर्दी झाली की डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा त्यांनी विक्री थांबवली आणि खेळाडूंना आधी ७, मग आणखी १४ दिवस मोफत दिले. दारात माणसं ताटकळत असताना विकत राहणं हा शुद्ध आचरटपणा आहे.

परत आलेल्या जुन्या खेळाडूकडे वेगळं लक्ष द्या. दोन वर्षांनी लॉग-इन केलेल्या माणसासमोर चाळीस बटणं, भरलेली पिशवी आणि अर्धवट क्वेस्टची यादी असते. दहा मिनिटांत तो निघून जातो. त्याला आधी एका शांत मैदानात न्या, पाचच बटणं दाखवा, बाकीची एकेक करून परत द्या. जुन्या वस्तू एका पेटीत आपोआप हलवा. आणि चालू असलेलं हत्यार आजच्या किमान पातळीचं करून द्या.

फुकट चाचणी ठेवायची तर मुदत दिवसांची नको, मर्यादा कामाची ठेवा. फायनल फँटसीत फुकट खातं कितीही दिवस चालतं, पण त्याला ३ लाखांहून जास्त गिल (तिथलं चलन) साठवता येत नाही आणि बाजारात विकता येत नाही. प्रामाणिक नवख्याला हे फारसं बोचत नाही, खाती आपोआप चालवून खऱ्या पैशांत सोनं विकणाऱ्या बॉटवाल्याला मात्र खातं निरुपयोगी होतं.

पुढचे महिने

मोठा पॅच तीन ते चार महिन्यांनी, ठरल्या तारखेला. मध्ये दोन छोटे. पॅचमध्ये किती आहे यापेक्षा तो येणार याची खात्री जास्त उपयोगी. साप्ताहिक बक्षिसांची घडी ठरवताना खेळणाऱ्यांची वेळ बघा: फायनल फँटसीचा आठवडा भारतीय वेळेनुसार मंगळवारी दुपारी दीडला बदलतो, ऐन ऑफिसात. तुमचे लोक इथले असतील तर पहाटेची वेळ ठेवा. गणपती आणि दिवाळीत मोठी रेड काढू नका. त्या दिवसांत लोक गावाला असतात, आणि परतल्यावर मागे पडलो म्हणून रुसतात.

शेवटची पातळी फक्त कसलेल्यांसाठी ठेवू नका. वाइल्डस्टार २०१४ मध्ये चाळीस जणांच्या रेडवर आणि त्यात शिरण्याच्या लांबलचक अटींवर उभा राहिला. चाळीस माणसं एका वेळी जमवणं बहुतेक गिल्डना जमलंच नाही, आणि २०१८ मध्ये गेम बंद झाला. एकच लढाई दोन रूपांत ठेवा: आठ अनोळखी जण तासाभरात संपवतील अशी एक, आणि आठवडे घाम काढणारी दुसरी.

मतदान घ्यायचं तर नियम कडक हवा. ओल्ड स्कूल रुनस्केप फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून पुन्हा सुरू झाला, आणि नवीन भर घालायला तिथे ७५ टक्के मतं लागायची. २०२२ मध्ये ती मर्यादा ७० वर आली. साध्या बहुमतावर चालला असता तर निम्मे लोक प्रत्येक पॅचला नाराज राहिले असते. पण मतदान फक्त नवीन गोष्टींवर घ्या. बग दुरुस्त करायचा की नाही, हे विचारायचं नसतं.

आणि लोकांना जाऊ द्या. काम संपलं की सदस्यत्व थांबवा, पुढच्या पॅचला या, असं योशिदा उघडपणे सांगत आलेत. गंमत म्हणजे त्याच गेममध्ये ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडलं जातं, म्हणून कित्येक जण नुसतं दार उघडायला पैसे भरतात. तुम्ही घरं देणार असाल तर जागा मोजून देऊ नका. प्रत्येकाच्या दारामागे वेगळी प्रत उघडा. आणि लांब सुट्टीवर गेलेल्याच्या घराला फक्त कुलूप लावा, सामान आतच असू द्या.