उंबरठ्यावर आईचा तोल जायचा, तो कसा थांबला (माझा अनुभव)

आई ७२ वर्षांची, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. पहाटे सांदवाडीतल्या (घरामागच्या मोकळ्या जागेतल्या) संडासकडे जाताना उंबरठ्यावर तोल जायचा, दोनदा पडली. चक्कर नव्हती, डॉक्टरांनी उभं करूनही बीपी पाहिला. (चक्कर असेल तर आधी दवाखाना.)

तेलमालीश झाली, गोळ्या झाल्या. काठी दाराआडच राहायची. जीव टांगणीला लागला होता.

फरक पडला तो असा. अनवाणी उभं राहून खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरायचे. मागे खुर्ची, बाजूला मी. आधी पावलं जुळवून १० सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग पुढची टाच मागच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत. शेवटी एका पायावर. एक प्रकार न डगमगता जमला तरच पुढचा; घाई इथेच नडते. जमलं की एक हात सोडायचा, नंतर फक्त एक बोट गजाला. मग खुर्चीतून हात न टेकता उठबस, आधी ५ वेळा, हळूहळू १०.

६५ वर्षांपुढच्यांनी तोलाचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही रोज करतो, चहा उकळेपर्यंत.

तीन महिने झाले. काल पहाटे एका हातात टॉर्च, दुसऱ्यात बादली घेऊन आई उंबरठा ओलांडून गेली.