३५० शेवीला कॅम आणि हेड बसवताय? या चुका टाळा

“आवाज भारी येतो, पण सिग्नलवरून गाडी उठतच नाही.” शेव्हरोलेच्या (शेवीच्या) ३५० स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनमध्ये मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला की बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते.

दोष कॅमचा नसतो, तो कानांनी निवडला याचा असतो. बुलेटच्या डुगडुगीवर वाढलेल्या आपल्या कानांना तर आयडलिंगचा तो अडखळता ठेका फारच भुरळ घालतो. पण तो ठेका येतो ओव्हरलॅपमुळे. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहतात, जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि कमी आरपीएमला इंजिन धडपडतं. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही घसरतो. ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं कडक लागलं तर मास्टर सिलिंडर खोलण्याआधी व्हॅक्यूम गेज लावा. आयडलिंगला १५ इंचांच्या (पाऱ्याच्या) बरंच खाली असेल तर व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर बिचारा काय करणार?

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशनची. १९७० च्या दशकातली कितीतरी ३५० इंजिनं जेमतेम ८.५:१ कॉम्प्रेशनची आहेत. लांब ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, म्हणजे भरलेलं मिश्रण काही अंशी परत मॅनिफोल्डमध्ये. आधीच कमी असलेला दाब आणखी कमी होतो. त्यात मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.०८ आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर कंपनीचाच असेल, तर पिकअप मेलाच म्हणून समजा. अशा गाडीला टॅपेट (कॅमवर टेकणारा तुकडा) ०.०५० इंच उचलला की मोजलेलं २१० ते २१८ अंश ड्युरेशन पुरे. मोजमाप कुठलं, हेही बघा: जाहिरातीतले २६८ आणि ०.०५० वरचे २२४ हे एकाच कॅमचे आकडे असू शकतात.

म्हणून मी आधी हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) ठरवतो, मग कॅम. स्वस्तात मस्त हेड हवं तर १९९६ पासूनच्या पिकअप ट्रकांवरचं व्होर्टेक. त्याचा ज्वलनाचा चेंबर ६४ सीसीचा. जुनं ७६ सीसीचं हेड काढून हे लावलं, की फक्त तेवढ्यानेच कॉम्प्रेशन साधारण १ ने वाढतं, आणि पोर्टही जुन्यांपेक्षा सरस. मात्र जुना इनटेक मॅनिफोल्ड त्यावर बसत नाही: जुन्याला १२ बोल्ट, व्होर्टेकला ८. हा खर्च आधीच धरा.

खरी मेख लिफ्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्यात आहे. मूळ व्होर्टेकवर ०.४६० इंचाच्या पुढे गेलात की रिटेनर (व्हॉल्व्ह स्प्रिंगवरची टोपी) खाली येऊन व्हॉल्व्ह सीलवर आदळण्याचा धोका असतो. कॉम्प कॅम्स कंपनीचा लोकप्रिय एक्सई२६८एच ०.४७७ लिफ्टचा आहे. तो तसाच ठोकून दिला की काही दिवसांत सील फाटून निळा धूर. व्हॉल्व्ह गाइडचा वरचा भाग तासून घ्या, स्प्रिंग बदला. लिफ्ट कमी असलेल्या कॅमवर “थोडी ताकद वाढेल” म्हणून १.५ ऐवजी १.६ रेशोचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा) लावणारेही इथेच फसतात. ०.४५० ची लिफ्ट गुपचूप ०.४८० होते. आणि व्होर्टेकचे रॉकर स्वतःच व्हॉल्व्हवर सरळ राहणारे असतात. त्यांच्यासोबत पुशरॉड सरळ धरणारी गाइड प्लेट लावू नका, दोन्ही एकमेकांशी भांडतात.

बंद करण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मिळून किमान ०.०६० इंच जागा उरली पाहिजे.

शेवटी फ्लॅट (सपाट तळाच्या) टॅपेट कॅमचं पहिलं स्टार्ट. लोब (कॅमवरचे उंचवटे) आणि टॅपेटला जोडणीच्या वेळचं घट्ट वंगण भरपूर लावा, तेल झिंकवालं घ्या. इंजिन चालू झालं की आयडलिंगला सोडायचं नाही. २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएममध्ये खालीवर करत ठेवायचं, कारण कमी आरपीएमला लोबवर तेल पुरेसं उडत नाही. त्यासाठी पेट्रोल, पाणी, टायमिंग सगळं आधी तपासून ठेवा. नंतर एकाच सिलिंडरकडून टिकटिक येत असेल आणि ॲडजस्ट करूनही परत सुरू होत असेल, तर ऑइल फिल्टर कापून बघा. आत चंदेरी चमक दिसली की लोब गेला. मग नवा कॅम, नवे टॅपेट, आणि इंजिन पूर्ण खोलून धुणं.